काम पुढे सरकलं, जोखीम जागेवरच: रबाळेतल्या एका औषध शीतगृहाचं प्रकरण

ठाण्यात नौपाड्याला कार्यालय असलेल्या एका औषध वितरकाने नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत शेड भाड्याने घेतली आणि तिथे लसी, इन्सुलिन आणि थंडाव्यात ठेवायच्या इतर औषधांसाठी शीतगृह उभारायचं ठरवलं. एका उत्पादक कंपनीशी करार झालेला होता. १ जुलैपासून तिचा माल इथून जाणार होता, आणि तारीख चुकली तर तो दुसऱ्या वितरकाकडे वळवला जाणार होता. काम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. वेळापत्रकाप्रमाणे ते १० जूनला संपायचं होतं, म्हणजे हाताशी २१ दिवस मोकळे होते.

रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात अशी कामं सतत चालू असतात. हे प्रकरण त्यांच्यावरून बेतलेलं आहे आणि हिशोब उघड दिसावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत. ते मांडण्याचं कारण असं की, प्रकल्प वेळेत आहे की नाही हे आपण उरलेल्या कामावरून ठरवतो. उरलेलं काम भराभर कमी होत असतानाही प्रकल्प सुरुवातीइतकाच अडचणीत असू शकतो, आणि इथे ते मोजून दिसलं.

कामाचं स्वरूप

या औषधांना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्याहून गरम झालं तर त्यांचा प्रभाव कमी होत जातो. गोठली तर इन्सुलिन आणि बऱ्याच लसी कायमच्या वाया जातात, आणि कुपीकडे नुसतं पाहून ते बहुतेक वेळा कळतही नाही. म्हणून पफ पॅनेलची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या तयार भिंतींची, थंड खोली बांधणं हा कामाचा अर्धाच भाग. ती खोली प्रत्येक कोपऱ्यात, दाराची उघडझाप चालू असताना, वीज गेल्यावर आणि मे महिन्याच्या उकाड्यातही हे तापमान धरून ठेवते हे दाखवणं हा दुसरा भाग. त्याशिवाय अन्न व औषध प्रशासनाचा घाऊक विक्रीचा परवाना हवा, तोही जागेची पाहणी झाल्यावर मिळणारा. शेडला आधी जेवढा वीजभार मंजूर होता तेवढ्यावर शीतयंत्रं चालणार नव्हती. भार वाढवून घ्यायचा, त्यासाठी नवी केबल टाकायची आणि केबलसाठी समोरचा रस्ता खोदायचा होता.

समन्वयाची जबाबदारी कळव्यात राहणाऱ्या एका तरुण अभियंतीकडे होती. तिने कामाचे १६० तुकडे पाडले आणि उरलेल्या कामांचा बर्नडाउन चार्ट शेडच्या भिंतीवर लावला. उभ्या बाजूला उरलेली कामं, आडव्या बाजूला आठवडे, आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेघ. सॉफ्टवेअरच्या जगात ही पद्धत केन श्वाबर यांनी २००० च्या सुमारास रूढ केली. आज ती बांधकामापासून लग्नाच्या हॉलच्या सजावटीपर्यंत कुठेही वापरली जाते, कारण ती समजावून सांगावी लागत नाही.

आठव्या आठवड्याच्या शेवटी, म्हणजे मार्च संपता संपता, १६० पैकी ७० कामं झाली होती. नियोजनाप्रमाणे ५८ व्हायला हवी होती. रेघ नियोजनाच्या खाली होती, सगळे खूष होते, आणि मालकांनी ठेकेदाराच्या माणसांना पेढेही वाटले.

पहिल्या आठवड्यातली यादी

काम सुरू करताना करारासोबत धोक्यांची एक यादी जोडलेली होती. बहुतेक प्रकल्पांत अशी यादी होते आणि नंतर फाईलमध्येच राहते. इथेही आठ आठवडे ती कुणी उघडली नव्हती. समन्वयकाने ती काढली आणि प्रत्येक धोक्यापुढे दोन आकडे लिहिले: तो घडण्याची शक्यता, आणि घडला तर वाया जाणारे दिवस. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या धोक्याची जोखीम, दिवसांत. हा गुणाकार जुना आहे. बॅरी बोम यांनी १९९१ मध्ये सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी तो व्यवस्थित मांडला आणि सर्वांत मोठ्या दहा धोक्यांची यादी ठरावीक काळाने तपासायचा आग्रह धरला. या बेरजेचा उतरता आलेख काढायची कल्पना जॉन ब्रदर्स यांनी २००४ मध्ये मांडली आणि पुढे माइक कोन यांच्यामुळे ती सगळीकडे पोचली.

पहिल्या आठवड्याच्या अंदाजाने यादी अशी होती:

रस्त्याची खोदाई पावसाळ्याआधी न होणे: ४० टक्के, १०० दिवस, जोखीम ४०.
वाढीव वीजभार उशिरा मिळणे: ५० टक्के, ३० दिवस, जोखीम १५.
परवान्याची पाहणी पुढे जाणे: ४० टक्के, २० दिवस, जोखीम ८.
शीतयंत्रं उशिरा पोचणे: ३० टक्के, २० दिवस, जोखीम ६.
तापमान चाचणीत खोली नापास होणे: ४० टक्के, १५ दिवस, जोखीम ६.
छप्पर गळणे: ५० टक्के, १० दिवस, जोखीम ५.
पॅनेल बसवणारे कारागीर लग्नसराईत गावी जाणे: ४० टक्के, १० दिवस, जोखीम ४.
वीज गेल्यावर जनरेटरवर भार नीट न जाणे: २० टक्के, १० दिवस, जोखीम २.

बेरीज ८६. खोदाईपुढचे १०० दिवस पाहून बाहेरचा माणूस चकित होईल, पण नवी मुंबईत काम केलेल्याला ते पटेल. मुंबईच्या परिसरात मान्सून साधारण ११ जूनच्या आसपास पोचतो. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ते खोदायच्या परवानग्या थांबतात आणि पाऊस ओसरेपर्यंत मिळत नाहीत. मेमध्ये राहिलेली खोदाई सरळ पावसाळ्यानंतर जाते.

मग तिने मार्चअखेरची स्थिती धरून हेच आकडे पुन्हा भरले. पॅनेलच्या ठेकेदाराने सांगितलं होतं की त्याची निम्मी माणसं मेमध्ये गावी जाणार हे जवळजवळ ठरलेलं आहे, म्हणून तिथे ४० ऐवजी ८० टक्के झाले. बाकी एकही आकडा बदलायला कारण सापडलं नाही. बेरीज आली ९०.

आठ आठवड्यांत ७० कामं संपली आणि जोखीम ८६ वरून ९० झाली. मोकळे दिवस होते २१.

दोन कागद, एक भिंत

गुरुवारच्या बैठकीत तिने दुसरा चार्ट पहिल्याच्या शेजारी लावला. मालकांनी चष्मा वर करून तो बघितला.

"अगं, आपण तर बारा कामं पुढे आहोत. मग हा कागद काय सांगतोय?"

"सर, पुढे आहोत ते पॅनेल, फरशी, रॅक आणि रंगात. वीज, खोदाई आणि परवाना यातलं एकही काम अजून सुरू झालेलं नाही."

"ते अर्ज करायचेच आहेत ना पण."

"हो, वेळापत्रकात ते एप्रिलच्या शेवटी आहेत. खोदाई मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. तोपर्यंत परवानग्या थांबल्या असतील."

इथे कुणी कामचुकारपणा केला नव्हता, हे ठळकपणे सांगायला हवं. ठेकेदाराला जे काम आपल्या हातात आहे ते आधी उरकायचं असतं, कारण मोजमाप झालं की बिल निघतं. पॅनेल उभं राहिलं की दिसतं, त्याचा फोटो काढता येतो. वीज कंपनीच्या कार्यालयात तीनदा जाऊन आलेला माणूस दिवसअखेर हातात काहीच दाखवू शकत नाही. १६० कामांच्या यादीत "वीजभारासाठी अर्ज" हे एक काम आणि "रॅकला रंग देणे" हेही एक काम. दोन्ही संपल्यावर रेघ सारखीच उतरते. पहिल्या कामावर १ जुलै ही तारीख टांगलेली आहे आणि दुसऱ्यावर काहीच नाही, हे त्या रेघेला कळायचा मार्ग नसतो. उरलेल्या कामाचा चार्ट खोटं सांगत नव्हता. तो फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देत होता.

विजेचा ठेकेदार तिथेच होता. तो म्हणाला, "मॅडम, हे ९० दिवस म्हणजे आपण ९० दिवस उशिरा संपणार असं का?" प्रश्न अगदी बरोबर होता. याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते सुरुवातीलाच सांगितलं नाही तर पुढे सगळ्यांचा त्या आकड्यावरचा विश्वास उडतो. काही धोके एकत्र आले तर त्यांचे दिवस एकमेकांत मिसळतात. वीजभार आणि खोदाई दोन्ही अडकली तर १३० दिवस जात नाहीत, जास्तीत जास्त शंभरच्या आसपास जातात. शिवाय खोदाईचं एक तर होतं किंवा होत नाही. ४० दिवसांचा उशीर ही गोष्ट प्रत्यक्षात कधी घडतच नाही. ही बेरीज भविष्य सांगत नाही. दर पंधरवड्याला तीच माणसं तीच मोजपट्टी लावून बघतात तेव्हा ओझं हललं की नाही, एवढं ती सांगते. तेवढ्यासाठी ती पुरेशी आहे.

मग कामांचा क्रम बदलला. रॅक, रंग, कार्यालयाची लाकडी दुरुस्ती, नामफलक हे सगळं मागे ढकललं. पुढच्या पंधरा दिवसांसाठी फक्त तीन गोष्टी ठरल्या: वीजभाराचा अर्ज आणि कोटेशन, खोदाईचा अर्ज, आणि पॅनेलवाल्यांशी नवी तारीख. उरलेल्या कामांची रेघ आता नियोजनाच्या वर जाईल हे मालकांना आधीच सांगून ठेवलं. मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच वाटतो. चांगली दिसणारी रेघ जाणूनबुजून बिघडू द्यायला धीर लागतो, आणि तो धीर शेजारी दुसरी रेघ असल्याशिवाय येत नाही.

टक्का कधी बदलायचा

क्रम बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात एक अडचण समोर आली. शक्यतेचा आकडा हा अंदाज आहे, आणि अंदाज मनासारखा वळवता येतो. बैठकीत कुणीही म्हणू शकतं, "आता कसला धोका, होऊन जाईल, दहा टक्के धरा." चार धोक्यांवर असं केलं की रेघ झरझर उतरते आणि जमिनीवर काहीच बदललेलं नसतं.

समन्वयकाने एक नियम घातला. शक्यता किंवा दिवस कमी करायचे असतील तर त्यामागे दाखवता येण्याजोगी गोष्ट हवी: पावती, परवानगीचं पत्र, चाचणीचा निकाल, शेडमध्ये उतरवलेला माल, सही केलेला कागद. वाढवायचे असतील तर नुसता संशय पुरे. हा नियम एकतर्फी आहे आणि तो तसाच हवा. चांगली बातमी मानायला पुरावा मागायचा आणि वाईट बातमी ऐकायला मागायचा नाही, कारण माणसाचा स्वाभाविक कल नेमका याच्या उलट असतो.

आकडेही सुटे ठेवले नाहीत. १०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ८० एवढेच टक्के वापरायचे ठरले. ४७ टक्के असं लिहिलं की उगाचच नेमकेपणाचा भास होतो आणि ४७ की ४३ यावर बैठकीचा अर्धा तास जातो.

एप्रिल: उतरली, मग चढली

दहाव्या आठवड्यापर्यंत वीज कंपनीचं कोटेशन येऊन पैसे भरले गेले होते. वीजभाराची शक्यता ५० वरून ३० वर, जोखीम १५ वरून ९. खोदाईच्या बाबतीत मात्र अर्जापेक्षा एका पाहणीने जास्त काम केलं. वीज कंपनीचे आणि रस्त्याचे अभियंते एकत्र जागेवर आले तेव्हा लक्षात आलं की केबल रस्त्याच्या कडेने लांब न्यायची गरजच नाही. शेजारच्या गाळ्याच्या कुंपणालगत मोकळी पट्टी होती. तिथून ती आणली तर रस्ता फक्त एका जागी आडवा ओलांडायचा उरत होता. शेजारच्या गाळ्याचे मालक तयार झाले. त्यांची अट एकच होती, चर बुजवून वर पूर्वीसारखे पेव्हर बसवून द्यायचे. त्यांचं संमतिपत्र फाईलला लागलं आणि खोदाईची शक्यता ४० वरून २० वर आली, जोखीम ४० वरून २०. बेरीज ६४.

ही पाहणी फेब्रुवारीतही होऊ शकली असती. ती झाली नाही, कारण कुणाच्याही कामांच्या यादीत ती नव्हती.

बाराव्या आठवड्यात बेरीज ७२ झाली. शीतयंत्राच्या पुरवठादाराचा तंत्रज्ञ जागा बघायला आला होता. बाहेरचं युनिट शेडच्या मागच्या भिंतीला बसवायचं ठरलं होतं. त्याने दुपारी तीनला तिथे उभं राहून बघितलं. भिंतीवर पश्चिमेचं ऊन, आणि शेजारच्या कारखान्याचा गरम हवेचा झोत थेट तिथे येत होता. बाहेरचं युनिट खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतं. ती हवाच तापलेली असली की यंत्रातला दाब वाढतो, थंडावा कमी होतो आणि दाब फारच वाढला तर यंत्र स्वतःहून बंद पडतं. रात्री सगळं ठीक चालेल, मेच्या दुपारी नाही. नवा धोका यादीत आला: ६० टक्के, २० दिवस, जोखीम १२. त्याच पंधरवड्यात छपरावर टँकरचं पाणी सोडून चाचणी घेतली होती. तीन जागी गळती सापडली, ती बंद करून पुन्हा पाणी सोडलं, आणि छपराची जोखीम ५ वरून १ झाली. तरी एकूण रेघ चढलीच.

मालक अस्वस्थ झाले. "पंधरा दिवस सगळे राबले आणि रेघ वर?"

"सर, हा धोका फेब्रुवारीतही तिथेच होता. कागदावर आज आला."

या एका वाक्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. रेघ चढली म्हणून कुणाला बोलणी बसली की पुढच्या बैठकीपासून कुणी नवा धोका सांगत नाही. मग चार्ट सुंदर उतरत जातो आणि जूनमध्ये शेडमध्ये उभं राहून सगळे एकमेकांकडे बघतात. मालकांनी थोडा वेळ घेतला आणि विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं? तंत्रज्ञाला त्यांनी सगळ्यांसमोर धन्यवाद दिले आणि पुढच्या बैठकीत पहिल्यांदा त्याने बोलावं असं सांगितलं. त्यानंतरच्या पंधरवड्यात लहानसहान चार शंका लोकांनी आपणहून आणल्या. त्यातल्या तीन बिनबुडाच्या निघाल्या आणि चौथीचा निकाल फोनवर लागला, पण त्या आल्या हे महत्त्वाचं.

समन्वयकाने चार्टातही एक बदल केला. नवीन सापडलेल्या धोक्यांची जोखीम तिने शून्याच्या रेषेखाली, वेगळ्या रंगात दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे जुन्या यादीची जोखीम ६४ वरून ६० वर उतरली आणि खाली १२ ची भर पडली, हे दोन्ही वेगवेगळं दिसू लागलं. केलेल्या कामाचं श्रेय झाकलं गेलं नाही आणि नवी अडचणही लपली नाही.

मे: उतार आणि त्यातला फसवा भाग

चौदाव्या आठवड्यात, मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला, बेरीज एकदम २८ वर आली. एकाच पंधरवड्यात ४४ ची घट. परवानगी मिळाली होती, रस्ता रात्रीत ओलांडून केबल टाकली गेली होती, चर बुजवला होता. खोदाईची जोखीम २० वरून शून्य. कारागिरांनी गावी जाण्याआधी पॅनेलचं काम पुरं केलं होतं. ८ वरून शून्य. बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीला लोखंडी स्टँडवर नेलं होतं. १२ वरून २. आणि शीतयंत्रं येऊन पोचली होती. ६ वरून शून्य.

या शेवटच्या शून्याकडे नीट बघायला हवं. यंत्रं आली, पण ठरलेल्या तारखेच्या ९ दिवसांनंतर. म्हणजे तो धोका टळला नाही, घडला. घडलेल्या धोक्याची शक्यता उरत नाही, म्हणून तो जोखमीच्या यादीतून निघून जातो आणि रेघ उतरते. बाकीच्या धोक्यांवर काम करून जी घट मिळाली तिच्यात आणि या घटीत रेघेला फरक दिसत नाही. एखाद्या प्रकल्पात सगळेच धोके खरे ठरले तरी जोखमीचा चार्ट शून्यावर येऊन थांबेल आणि तो प्रकल्प पूर्ण बुडालेला असेल.

म्हणून जोखमीची रेघ एकटी वाचू नये. समन्वयकाने त्याच कागदावर मोकळ्या दिवसांची दुसरी रेघ काढली होती. ती त्या दिवशी २१ वरून १२ वर आली. ४४ च्या घटीतले ३८ कमावलेले होते आणि ६ गमावलेले, आणि गमावलेल्यांची किंमत ९ दिवस होती. बैठकीत हे मोठ्याने वाचलं गेलं. तोवर २८ बघून सुटकेचा निःश्वास टाकलेले लोक पुन्हा सरसावून बसले, कारण २८ समोर १२ ही काही निश्चिंत होण्यासारखी जोडी नव्हे.

याच काळात नियमाची खरी परीक्षा झाली. परवान्याच्या अर्जाची फाईल पूर्ण झाली होती आणि शंकांची उत्तरं देऊन झाली होती, म्हणून सोळाव्या आठवड्यात शक्यता ४० वरून २० वर आली. मालकांना ती आणखी उतरवायची होती. वर्षानुवर्षांचा धंदा, सगळी कागदपत्रं स्वच्छ, पाहणीला काय अडचण येणार? त्यांचा विश्वास खरा होता. पण पाहणीची तारीख हातात नव्हती, आणि तारखेचं पत्र येईपर्यंत २० टक्के तसेच राहिले. मालकांनी ते मान्य केलं.

सोळाव्या आठवड्यापर्यंत वाढीव वीजभारही मिळाला. जनरेटरची चाचणी घेतली तेव्हा मुख्य स्विच बंद करताच जनरेटर सुरू झाला, पण सगळे कॉम्प्रेसर एकाच क्षणी चालू झाल्याने त्यावर झटक्यात भार आला आणि तो बंद पडला. कॉम्प्रेसरना टायमर लावून एकामागून एक सुरू होतील अशी रचना केली आणि चाचणी लागोपाठ यशस्वी झाली. यादीत हा धोका सर्वांत लहान होता, जोखीम फक्त २. चाचणी जूनच्या शेवटी घेतली असती तर तोच धोका मोठा ठरला असता, कारण तेव्हा दुरुस्तीला दिवस उरले नसते. बेरीज १३, मोकळे दिवस १२.

तापमानाची चाचणी

ही चाचणी मेच्या शेवटच्या आठवड्यात मुद्दाम घेतली. मूळ वेळापत्रकात ती जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर होती. तेव्हा खोली सहज पास झाली असती, आणि पुढच्या मेमध्ये काय होईल हे कुणालाच कळलं नसतं. साठवणुकीच्या जागेवर बाहेरच्या हवामानाचा परिणाम होत असेल तर सर्वांत गरम आणि सर्वांत थंड अशा दोन्ही काळांत तापमान मोजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे.

रिकाम्या खोलीत कोपऱ्यांत, मधोमध, वर, खाली, दारापाशी आणि पंख्यासमोर तापमान नोंदवणारे लॉगर लावले आणि खोली सलग चालू ठेवली. दाराजवळच्या वरच्या कोपऱ्यातला लॉगर, दार उघडलं की ८ अंशांच्या वर जात होता. बाकी सगळे नीट होते. दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावला, पंख्याची दिशा बदलली, तो वरचा खण माल ठेवण्यासाठी बंद केला आणि चाचणी पुन्हा घेतली. यात ४ दिवस गेले. मोकळे दिवस १२ वरून ८.

आता माल भरून घ्यायची चाचणी तेवढी उरली, म्हणून तिथली जोखीम ६ वरून ३ झाली. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेरचं युनिट व्यवस्थित चाललं होतं, ते शून्य. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाच्या दोन जोरदार सरी पडल्या, छप्पर कोरडं राहिलं, तेही शून्य. बेरीज ७, मोकळे दिवस ८. पहिल्यांदाच जोखमीची रेघ मोकळ्या दिवसांच्या रेघेखाली आली होती. काम सुरू झाल्याला तेव्हा अठरा आठवडे झाले होते.

पुढच्या पंधरवड्यात पाहणी झाली, परवाना आला, माल भरून घेतलेली चाचणीही पास झाली. शीतगृह २३ जूनला तयार झालं. रॅकचा रंग आणि नामफलक मात्र जुलैत झाले, आणि त्याने कुणाचंही काही अडलं नाही.

बेरजेत काय झाकलं जातं

या चार्टाचा एक दोष या प्रकरणात थोडक्यात टळला, म्हणून तो नोंदवतो. पहिल्या यादीत ८६ पैकी ४० एकट्या खोदाईचे होते. समजा शक्यता ४० ऐवजी १० टक्के असती, तर जोखीम १० दिसली असती. वीजभाराच्या १५ पेक्षाही कमी, म्हणजे यादीत ती दुसऱ्या जागी गेली असती. पण १०० दिवसांचा उशीर म्हणजे करार हातचा जाणं. जे घडलं तर प्रकल्पाला अर्थच उरत नाही, त्याची सरासरी काढून चालत नाही. १० टक्के गुणिले १०० आणि ५० टक्के गुणिले २० यांचा गुणाकार एकच येतो, पण दुसरा धोका मोकळ्या दिवसांत जिरतो आणि पहिला सगळंच घेऊन जातो.

समन्वयकाने त्यासाठी खोदाईचा भाग लाल रंगात, बेरजेच्या आत पण वेगळा दाखवला होता. अशा धोक्यांसाठी मी याहून कडक राहीन: ज्याच्या दिवसांचा आकडा मोकळ्या दिवसांपेक्षा काही पटींनी मोठा आहे, त्याचा स्वतंत्र कागद असावा, त्यावर एकाच माणसाचं नाव असावं आणि बैठकीची सुरुवात त्याने व्हावी, टक्का कितीही लहान असो.

यादीतली माणसांची नावं ही आणखी एक गोष्ट. मार्चपर्यंतच्या यादीत प्रत्येक धोक्यापुढे "ठेकेदार" किंवा "कार्यालय" असं लिहिलेलं होतं. नव्या यादीत प्रत्येक ओळीला एक व्यक्ती आणि पुढच्या पंधरवड्यात तिने करायची एक कृती होती. बैठक साधारण पाऊण तासाची असे. ज्या ओळीत काहीच बदललं नाही तिथे थांबून विचारलं जाई की का नाही. बदललेल्या ओळी दोन मिनिटांत संपत.

शीतगृह सुरू झाल्यावर तो कागद भिंतीवरून काढला, पण यादी संपली नाही. थंडीतली तापमानाची चाचणी बाकी आहे. बाहेरचं तापमान उतरतं तेव्हा पंख्यासमोरचा भाग २ अंशांच्या खाली जातो का हे तिथे बघायचं आहे, कारण गोठण्याचा धोका उन्हाळ्यात दिसत नाही. ती ओळ शीतगृहाच्या रोजच्या कामकाजाच्या नव्या यादीत गेली आहे. तिच्यापुढे फार्मासिस्टचं नाव, जानेवारीचा पहिला पंधरवडा आणि ३० टक्के असं लिहिलेलं आहे.